नावात दक्षता, बिलात यंत्रं

डिस्चार्जच्या दिवशी एक मुलगा आमच्या आयसीयूचं बिल घेऊन माझ्यासमोर बसला. भांडायला आला नव्हता. बाप स्वतःच्या पायांनी लिफ्टपर्यंत गेला होता, तेव्हा भांडायचं काही कारण नव्हतं. अकरा दिवसांचं बिल, नऊ पानं. काही ओळींखाली त्याने निळ्या पेनाने रेघा मारून आणल्या होत्या. म्हणाला, "सर, पैशाचं म्हणत नाही मी. फक्त एवढं सांगा, यातल्या कशानं वाचले आमचे अण्णा?"

मी वरून खाली बघत गेलो. व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप तीन नग, एबीजी म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासण्या सतरा, एक्स-रे नऊ. अँटिबायोटिकवर बोट ठेवलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. न्यूमोनिया होता आणि औषध वेळेवर गेलं होतं. पण मला तिसरी रात्र आठवत होती. अडीचच्या सुमाराला नाइटची सिस्टर चादर सारखी करायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की छातीची डावी बाजू उजवीइतकी वर येत नाहीये. मॉनिटरवर ऑक्सिजन पंच्याण्णव दिसत होता, अलार्म वाजला नव्हता, मॉनिटरच्या लेखी सगळं आलबेल होतं. तिने आरएमओला, म्हणजे पाळीवरच्या डॉक्टरला उठवलं, नळीतून सक्शन केलं, डिंकासारखा चिकट कफ निघाला, मग मावशींना हाताशी घेऊन अण्णांना उजव्या कुशीवर वळवलं. वीस मिनिटांनी छातीच्या दोन्ही बाजू सारख्या हलायला लागल्या. ही सगळी गोष्ट बिलात कुठे आहे, तर सातव्या पानावर, 'नर्सिंग चार्जेस, प्रतिदिन' या एका ओळीत. आणि तो आकडा त्याच पानावरच्या सिरिंज पंपांच्या भाड्यापेक्षा कमी आहे.

आयसीयूला मराठीत 'अतिदक्षता विभाग' हे नाव ज्याने कोणी दिलं, त्याने शब्दाला शब्द ठेवला नाही हे फार बरं केलं. दक्ष असणं म्हणजे जागं असणं, डोळ्यांत तेल घालून बघणं. गेल्या पंचवीस वर्षांतलं या क्षेत्रातलं संशोधन चाळलं तर ते या मराठी नावाच्याच बाजूने साक्ष देतं असं मला वाटतं. करणं कमी, बघणं जास्त. आपली बिलं, विम्याची पॅकेजेस, नातेवाइकांचा आग्रह आणि आम्हा डॉक्टरांच्या सवयी मात्र नेमक्या उलट्या दिशेला ओढतात. आयसीयू चांगला की वाईट हे ठरवताना लोक विचारतात, "व्हेंटिलेटर किती आहेत?" मी म्हणतो, रात्री तीन वाजता एका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते विचारा.

हा विभाग मुळात जन्माला आला तोच यंत्र नव्हतं म्हणून. १९५२ साली डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला पोलिओची भीषण साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये येऊ लागली. शरीर डब्यात बंद करून श्वास देणारं त्या काळचं मोठं यंत्र तिथे एकच होतं, छातीवर बसवायची छोटी यंत्रं मूठभर. अशा रुग्णांतले बहुतेक दगावत होते. ऑगस्टच्या अखेरीस ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी घालून घेतली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी जगली. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, महिनोन्‌महिने, खाटेशेजारी बसून त्या पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. व्हेंटिलेटरचा प्रसार त्यानंतर झाला. त्या विद्यार्थ्यांचं काम यंत्राने घेतलं हे चांगलंच झालं. पण ते विद्यार्थी नुसती पिशवी दाबत नव्हते. मुलाचा रंग बदलला, घाम फुटला, डोळे फिरले, तर ते त्यांना दिसत होतं. खाटेशेजारच्या माणसाचं हे दुसरं काम कोणत्याही यंत्राच्या किमतीत धरलेलं नसतं.

मी रेसिडेंट असताना आम्ही व्हेंटिलेटरने एका श्वासाला जेवढी हवा द्यायचो ते आठवलं की आज अंगावर काटा येतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड 'नॉर्मल' दिसला पाहिजे हा हट्ट. त्यापायी फुप्फुसं फुग्यासारखी ताणायचो. २००० साली अमेरिकेतल्या, फुप्फुसं बिघडलेल्या ८६१ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं की किलोमागे बारा मिलीऐवजी सहा मिली हवा दिली तर मृत्यूचं प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येतं. औषध नाही, नवं यंत्र नाही, बटण फिरवून आकडा कमी करायचा. त्यातही एक मेख आहे. ते 'किलो' म्हणजे खरं वजन नाही, उंचीवरून काढलेलं हिशेबाचं वजन. पाच फूट दोन इंचांच्या बाईचं खरं वजन ऐंशी किलो असलं तरी हिशेबाचं वजन पन्नासच, म्हणजे तिला एका श्वासाला ३०० मिली. उंची न मोजता अंदाजाने आकडा टाकला तर बुटक्या माणसांना, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः बायकांना, जास्त हवा जाते. आमच्या आयसीयूत दाराजवळ खिळ्याला शिंप्याची टेप लटकलेली असते. नवा आरएमओ आला की मी त्याला मशीन दाखवण्याआधी ती टेप दाखवतो.

अशी उदाहरणं एकामागून एक आहेत. कॅनडातल्या अभ्यासात, १९९९ साली, हिमोग्लोबिन दहाच्या वर ठेवण्यासाठी रक्त चढवत राहण्यापेक्षा सातपर्यंत थांबलं तर बिघडत नाही, उलट तरुण आणि तुलनेने कमी आजारी रुग्णांत मृत्यू कमी होतात असं दिसलं. शुगर काटेकोर, ८१ ते १०८ मध्ये ठेवली पाहिजे अशी एक लाट आली होती. आम्हीही इन्सुलिनचे पंप लावून तासातासाला बोटं टोचत होतो. २००९ मध्ये सहा हजारांवर रुग्णांचा निकाल आला: काटेकोर गटात ९० दिवसांत २७.५ टक्के दगावले, सैल ठेवलेल्या गटात २४.९. म्हणजे आमच्या काटेकोरपणाने माणसं जात होती. पूर्व आफ्रिकेत तीन हजारांवर तापाच्या मुलांच्या अभ्यासात ज्यांना सलाईनचे बोलस, म्हणजे झपाट्याने मोठे डोस दिले, त्यांच्यातली ४८ तासांत १०.५ टक्के गेली; ज्यांना दिले नाहीत त्यांच्यात ७.३. २०११ सालचा हा निकाल वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो, कारण 'शॉक दिसला की सलाईन उघडा' हे मी स्वतः किती जणांना शिकवलं होतं. तिथे आयसीयू नव्हते, व्हेंटिलेटर नव्हते, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा आपल्याकडे उचलता येत नाही, हेही खरं. पण हात आपोआप सलाईनकडे जातो त्याला त्या दिवसापासून लगाम बसला. अँटिबायोटिकचंही तेच. रक्तात जंतू सापडले की चौदा दिवस, असा आमचा पाढा. २०२४ च्या अखेरीस ३६०० रुग्णांवरून दिसलं की सात दिवस दिलं तरी निकाल वाईट होत नाही. माझ्या ओळखीचा एक केमिस्ट हे ऐकून गंभीर झाला होता.

आणि अगदी अलीकडचं, मला सगळ्यांत आवडलेलं. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळतो तेव्हा, पेशंटला रक्तपुरवठा पुरेसा होतोय का, हे कसं ओळखायचं? रक्तातलं लॅक्टेट तपासा, हृदयाचं आउटपुट मोजणारी यंत्रं लावा, एवीतेवी बिल वाढतंच आहे. चिलीमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने १९ देशांत सुमारे दीड हजार रुग्णांवर वेगळी पद्धत वापरून बघितली गेली आणि २०२५ मध्ये तिचा निकाल आला. काचेची पट्टी घ्यायची, उजव्या तर्जनीच्या पेरावर दाबायची, पेर पांढरं होईपर्यंत. दहा सेकंद तसंच दाबून ठेवायचं, सोडायचं, आणि रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. तीनच्या आत आला तर ठीक. नाही आला तर पुढचं पाऊल: सलाईन उपयोगी पडेल का हे आधी तपासायचं, मगच द्यायचं. तासाने पुन्हा पेर. पहिले सहा तास असंच. मृत्यूच्या आकड्यात फरक पडला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. पण अवयवांना आधार देणारी औषधं आणि यंत्रं लवकर सुटली. काचपट्टीची किंमत दोन-चार रुपये. पण दर तासाला हातात हात घेऊन, घड्याळाकडे बघत उभं राहणारं कोणी तरी लागतं.

माझा सगळा मुद्दा इथेच येऊन अडतो. 'कमी करा' हे ऐकायला स्वस्त वाटतं, पण ते स्वस्त नाही. झोपेच्या औषधांचं बघा. २००० साली शिकागोच्या एका अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांची झोपेची औषधं रोज सकाळी थांबवून त्यांना जागं केलं. व्हेंटिलेटरवरचे दिवस सातावरून पाचावर आले. तेव्हापासून सगळी पुस्तकं सांगतात, पेशंटला गुंगीत ठेवू नका. पुढे हेही कळलं की गुंगीची काही औषधं भ्रम वाढवतात, आणि त्या भ्रमाची किंमत माणूस घरी गेल्यावर कितीतरी महिने चुकवतो: विसरभोळेपणा, रात्री दचकून उठणं, हातापायातली गेलेली ताकद. पण जागा झालेला माणूस घशातली नळी ओढतो. त्याचा हात धरून "काका, नळी आहे, बोलता येणार नाही, सून बाहेर बसलीये" असं शंभर वेळा सांगायला शेजारी माणूस लागतं. माणूस नसलं की काय करतात? गॉज बँडेजने मनगटं खाटेच्या कठड्याला बांधतात आणि पुन्हा झोपेचं औषध सुरू करतात. औषध बिलात येतं. बांधलेले हात येत नाहीत.

पालथं झोपवणं हे दुसरं उदाहरण. फुप्फुसं पार बिघडलेल्या रुग्णांना दिवसातले सोळाएक तास पालथं ठेवलं तर मृत्यू जवळजवळ निम्मे होतात, हे मुख्यतः फ्रान्समधल्या ४६६ रुग्णांच्या अभ्यासाने २०१३ मध्ये दाखवलं: ३२.८ टक्क्यांवरून १६. एवढा मोठा फायदा आमच्या शास्त्रात क्वचितच कशाने मिळाला असेल. आणि त्याला लागतं काय? चादर, दोन-तीन उशा आणि पाच माणसं. एक डोक्याशी, नळी धरून, बाकीचे दोन्ही बाजूंना. "एक, दोन, तीन" म्हणून एकदम. नळी निसटली तर मिनिटांचा खेळ. कोविडच्या दिवसांत पीपीई घालून, घामाने चिंब, हे आम्ही दिवसातून कितीदा केलं. सिस्टर, मामा, मावशी, आरएमओ, कधी फिजिओथेरपीची विद्यार्थिनी. आज तसाच रुग्ण रात्री दहानंतर आला तर पाच माणसं जमतील का, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न असतो. व्हेंटिलेटर कोपऱ्यात प्लॅस्टिक घालून उभाच आहे.

माणसांच्या हाताने केलेलं सगळंच गुणकारी ठरतं असंही नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला लवकरात लवकर उठवून बसवा, चालवा, याचं मोठं कौतुक होतं. २०२२ मध्ये ७५० रुग्णांच्या अभ्यासात नेहमीपेक्षा जास्त चालवलेल्यांना फायदा झाला नाही, उलट हृदयाची लय बिघडण्यासारखे प्रकार दुपटीने झाले. म्हणून मी 'यंत्र वाईट, माणूस चांगला' असली भाबडी विभागणी करत नाही. सेप्टिक शॉकमध्ये अँटिबायोटिकला उशीर झाला तर माणूस जातो; तिथे 'कमी' म्हणत बसणारा डॉक्टर मला माझ्या आयसीयूत नको. पण काय लागतं आणि काय नाही हे ठरवायलाही आधी नीट बघावं लागतं.

आता आपल्या बाजारात काय चालतं? सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागलेल्या रुग्णाला थायमोसिन अल्फा नावाचं इंजेक्शन सर्रास लिहिलं जातं. मीही लिहिलेलं आहे. चीनमध्ये अकराशे रुग्णांवर त्याची नीट चाचणी झाली, २०२५ च्या सुरुवातीला निकाल आला: मृत्यू कमी होत नाहीत. व्हिटॅमिन सी चे मोठे डोस एका काळी जादू म्हणून गाजले. २०२२ मध्ये ८७२ रुग्णांत ते दिलेल्यांचा निकाल न दिलेल्यांपेक्षा वाईट निघाला. ड्रॉट्रेकोजिन हे सेप्सिसवरचं फार महागडं औषध दहा वर्षं विकलं गेलं आणि २०११ मध्ये कंपनीनेच मागे घेतलं. महाराष्ट्राने तर कोविडमध्ये हे सगळं जाहीरपणे भोगलं. २०२० च्या जूनमध्ये राज्याने 'प्लॅटिना' नावाने प्लाझ्माचा प्रकल्प वाजतगाजत सुरू केला. त्याच वर्षी भारतातल्याच ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांच्या आयसीएमआरच्या चाचणीने सांगितलं की प्लाझ्माने फायदा नाही. तरी पुढच्या एप्रिलपर्यंत लोक व्हॉट्सॲपवर प्लाझ्मा शोधत होते; राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून तो मे २०२१ मध्ये निघाला. रेमडेसिविरसाठी पोरं मेडिकलसमोर रात्र रात्र उभी राहिली, बायकांनी गळ्यातलं मोडलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत त्या इंजेक्शनने मृत्यू कमी होत नाहीत, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीतून तेव्हाच दिसत होतं. त्याच रुग्णांमध्ये मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर आणणारं डेक्सामेथासोन मात्र कोणत्याही तालुक्याच्या दुकानात काही रुपयांत पडून होतं. त्यासाठी कोणी रांग लावली नाही. स्वस्त औषधावर आपला विश्वास बसत नाही, हे कटू आहे पण खरं आहे.

नातेवाइकांना दोष देणं सोपं आहे. काउन्सेलिंग रूममध्ये आठ जण उभे असतात, त्यातला एक पुण्याहून किंवा दुबईहून फोनच्या स्पीकरवर असतो आणि तो सगळ्यांत मोठ्याने विचारतो: "अजून काय करता येईल? पैशाची काळजी करू नका." त्याला "आम्ही बघतोय" हे उत्तर चालत नाही. बघताय म्हणजे काहीच करत नाही, असं त्याला ऐकू येतं. आणि दारामागे नेमकं काय चाललंय हे त्याच्या माणसांना दिसतच नाही. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, चप्पल काढून, मास्क लावून. मेलेल्या माणसाला पैशासाठी व्हेंटिलेटरवर ठेवतात, ही अफवा या बंद दाराच्या पोटीच जन्मते. ब्राझीलमध्ये ३६ आयसीयूंत नातेवाइकांना दिवसाचे बारा तासांपर्यंत थांबू दिलं. रुग्णांचा भ्रम कमी झाला नाही, पण जंतुसंसर्ग वाढला नाही आणि घरच्यांची भीती स्पष्टपणे उतरली. आमच्याकडे जागा कमी, गर्दी जास्त, कबूल. पण एका वेळी एक माणूस, स्टुलावर, हात धरून, याला जागा लागते ती दीड फूट. ज्याने सिस्टरला रात्रभर राबताना पाहिलंय तो सकाळी खुर्च्या फोडत नाही, हा माझा अनुभव. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे. तो कायदा मला रात्री दोन वाजता कधी आठवलेला नाही, उपयोगी पडला तो उघडा ठेवलेला पडदा.

आणि ज्यांच्याकडे "पैशाची काळजी करू नका" म्हणणारा कोणी नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी आमच्या भाषेत एक शब्द आहे: डामा. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेणं. फॉर्मवर सही, अंगठा, आणि जबाबदारी त्यांची. बहुतेक वेळा सल्ल्याविरुद्ध वगैरे काही नसतं; डिपॉझिट संपलेलं असतं, जन आरोग्य योजनेत ते दुखणं किंवा ते दिवस बसत नसतात, आणि माणूस वाचणार नाही हे आम्हालाही ठाऊक असतं, फक्त तोंडाने म्हटलेलं नसतं. मी एका पोराला ॲम्ब्युलन्सच्या बाकावर बसवून अँबू बॅग, म्हणजे श्वास देणारी पिशवी, दाबायला शिकवलंय. आजोबा होते त्याचे. एक-दोन-तीन म्हणायचं, दाबायचं. जोरात नाही, अर्धीच. बोटं दुखली की हात बदलायचा. गाव सत्तर किलोमीटर. घरी पोचेपर्यंत श्वास चालू राहावा, ओट्यावर ठेवावं, तोंडात पाणी पडावं, एवढीच घरच्यांची इच्छा. त्या पोराने सगळा रस्ता ती पिशवी दाबली, असं नंतर ड्रायव्हरने सांगितलं. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांच्या हातात होती तशीच पिशवी. अस्वस्थतेवरचं, धाप कमी करणारं एकही औषध आम्ही त्या आजोबांबरोबर दिलं नव्हतं, कारण डामाच्या फॉर्ममध्ये औषध लिहायला जागाच नाही.

हे कायदेशीरपणे आणि नीट करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात ज्या उपचारांनी काही साधणार नाही ते थांबवता येतात हे मान्य केलं, असे उपचार आपल्यावर नकोत हे आधीच लिहून ठेवणारं इच्छापत्र मान्य केलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली: उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं एक मंडळ, मग जिल्हा पातळीवरून नेमलेला डॉक्टर असलेलं दुसरं, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठावर असलेले न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं इच्छापत्र नोंदवून गोव्यात सुरुवात करून दिली. कर्नाटकने जानेवारी २०२५ मध्ये रुग्णालयांसाठी आदेश काढला. आमच्या जिल्ह्यात मात्र दुसऱ्या मंडळासाठी डॉक्टर कोण, असं विचारलं की पलीकडे फोनवर थोडा वेळ शांतता असते. परिणाम असा की पैसेवाल्याचा मृत्यू आयसीयूत तीन आठवडे लांबतो आणि गरिबाचा रस्त्यात उरकतो. दोन्हीकडे निर्णय डिपॉझिटनेच घेतलेला.

सरकार आणि उद्योगपती यावर कॅमेऱ्याचा तोडगा सुचवतात. टेली-आयसीयू: मोठ्या शहरातला तज्ज्ञ पडद्यावरून तालुक्याच्या खाटा बघेल. मी या कल्पनेच्या विरुद्ध नाही, अडल्या वेळी मीही असा फोन केलाय. पण ब्राझीलच्या ३० आयसीयूंत सतरा हजारांवर रुग्णांवर रोजचे दूरस्थ राउंड घेऊन पाहिले, तर आयसीयूतले दिवस काही कमी झाले नाहीत. माझा अर्थ असा: काय करायचं हे पडद्यावरून सांगता येतं, कूस बदलायला हात तिथेच लागतात.

ते हात कोणाचे, याबद्दल आपण बोलायचं टाळतो. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक सिस्टर असावी, हे आमच्याच संघटनांच्या सूचनांत आहे. युरोपातल्या नऊ देशांत, शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते असं दिसलं. आणि तो आयसीयूही नव्हता, साधे वॉर्ड होते. आपल्या छोट्या शहरांतल्या कितीतरी आयसीयूंत रात्री एका सिस्टरकडे तीन-चार पेशंट असतात, वर एक आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा आरएमओ, जो बिचारा दिवसा स्वतःचा दवाखानाही चालवतो. सिस्टर दोन वर्षांत तयार होते, छातीची डावी बाजू कमी हलतेय हे तिला दिसायला लागतं, आणि मग ती गल्फला किंवा आयर्लंडला जाते. का जाऊ नये? आम्ही तिला जो पगार देतो त्यात शहरात खोली घेऊन राहणं जमत नाही.

म्हणून माझी मागणी अगदी किरकोळ वाटेल अशी आहे. राज्यातल्या नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ मधल्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलंय. त्याच फलकावर आयसीयूच्या दारात रोज दोन आकडे लिहायला लावा: आज रात्री खाटा किती, सिस्टर किती. खडूने लिहिलं तरी चालेल. सरकारी योजनांनी आणि विमा कंपन्यांनी आयसीयूच्या दिवसाचा दर ठरवताना नर्सिंगचा भाग वेगळा काढून तो खाटामागच्या सिस्टरच्या संख्येशी बांधावा. एका सिस्टरकडे चार पेशंट असतील तर पूर्ण दर मिळू नये. यावर मालक मंडळी, त्यांत मीही थोडासा मालक आहे, म्हणतील की मग खाटा बंद कराव्या लागतील. काही होतील. ज्या खाटेजवळ रात्री कोणी नाही ती आयसीयूची खाट नव्हतीच, मॉनिटर लावलेला वॉर्ड होता, आणि लोक त्याचे आयसीयूचे पैसे भरत होते. सरकारी रुग्णालयांत याहून वेगळं नाही. तिथे यंत्र खरेदीची फाइल सहा महिन्यांत हलते आणि परिचारिकांच्या रिक्त जागांची वर्षानुवर्षं नाही.

त्या मुलाला मी काय उत्तर दिलं ते राहिलंच. मी त्याला सातवं पान उघडून ती ओळ दाखवली आणि तिसऱ्या रात्रीचं सांगितलं. त्याने सिस्टरला भेटायचं म्हटलं. ती त्या दिवशी ऑफ होती. पेढ्यांचा पुडा त्याने काउंटरवर ठेवला, त्यावर पेनाने लिहिलं, 'नाइटच्या ताईंना'. ही मागच्या दिवाळीची गोष्ट. गेल्या आठवड्यात तिचा मस्कतचा व्हिसा आला. तीस तारखेपर्यंत आहे म्हणाली. शनिवारच्या नाइटला तिच्या जागी अजून कोणी मिळालेलं नाही.